दसऱ्याला रोप, संक्रांतीला फळ

प्रस्तावना

नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर बिलोली महाबळेश्वरच्या उत्तरेला येते, अंशभराहून थोडी कमीच. म्हणजे पौषात महाबळेश्वरी दिवस जेवढा लहान होतो तेवढाच, किंबहुना दोन-तीन मिनिटांनी जास्तच लहान, तो इथे मांजरेच्या काठी होतो. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली आणि ती लक्षात आल्यावरच या पुस्तकाची सुरुवात झाली. स्ट्रॉबेरीची नेहमीची वाणं दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की फुलाची तयारी करतात. त्यातला लहान दिवस आपल्याला महाबळेश्वराइतकाच मिळाला आहे. मिळाली नाही ती उंची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर, बिलोली साडेतीनशेच्या आसपास. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. तर फरक आहे तो या सहा अंशांचा, मग मातीचा आणि पाण्याचा. या तिन्हींशी घरच्या घरी कसं जमवून घ्यायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

बिलोलीत स्ट्रॉबेरी लावली म्हणून सांगितलं की ऐकणारा आधी मे महिन्याचं विचारतो. चव्वेचाळीस अंशांत ती तगणार कशी? तगत नाही. मे महिन्यात हरभराही शेतात नसतो, करडईही नसते, आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. पण स्ट्रॉबेरीबद्दल आपण हळहळतो. थंड मुलखातल्या पुस्तकांत ती बहुवर्षायू म्हणून लिहिलेली असते, एकदा लावा आणि तीन वर्षं खा, असं. मीही तेच वाचून बसलो होतो. तीन उन्हाळे मी ती रोपं जगवायचा हट्ट धरला. लिंबाच्या सावलीत रांजणाशेजारी कुंड्या ठेवल्या, वर हिरवी जाळी बांधली, भोवती ओली पोती गुंडाळली, दुपारी तीनदा पाणी शिंपडलं. पहिल्या वर्षी बारांतली दोन वाचली, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी एकही नाही. वाचलेल्यांनी पुढच्या हिवाळ्यात बोराएवढी चार फळं दिली. तिसऱ्या वर्षी करपलेल्या कुंड्या रिकाम्या करत होतो तेव्हा आई ओट्यावरून म्हणाली, "हरभऱ्याचं झाड पुढच्या सालासाठी जपून ठेवत असतेत का रे कुणी?"

स्ट्रॉबेरी हे आपल्याकडे रब्बीचं पीक आहे. या पुस्तकात हे वाक्य वेगवेगळ्या निमित्तांनी पुन्हा पुन्हा येईल, आणि ते मी जाणूनबुजून येऊ दिलं आहे. ज्वारी, हरभरा, करडई यांच्या पंगतीत तिला बसवलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरला की रोप लावायचं. दसरा लवकर आला असेल तर कोजागरीपर्यंत थांबायचं. लातूरकडची आणि आपल्या भागातली माणसं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात आंबील-भज्जी घेऊन जातात तेव्हा कुंडीत फुलं दिसायला हवीत. फूल लागल्यापासून महिनाभरात फळ पिकतं, म्हणजे संक्रांतीच्या वाणात पहिली वाटी ठेवता येते. होळीपर्यंत तोडायचं, आणि उन्हं तापली की रोप उपटून खतात टाकायचं, बिनदिक्कत. दीड-पावणेदोनशे दिवसांचा हा पाहुणा आहे.

ज्या फळाला आपण इतकं ओळखीचं समजतो ते मुळात फार जुनंही नाही. आज जगभर खाल्ली जाणारी मोठी स्ट्रॉबेरी तीनशे वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती. युरोपच्या रानात नखाएवढी, अतिशय सुवासिक स्ट्रॉबेरी होती. हिमालयातही तिच्या रानटी बहिणी आहेत. उत्तर अमेरिकेतून व्हर्जिनियाची लालबुंद, पण लहान फळाची जात युरोपात गेली होती. मग 1714 साली फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीच्या किनाऱ्यावरून तिथली मोठ्या फळाची रोपं घेऊन परतला. स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेलेला माणूस, पण त्याची नजर फळावर गेली. लांबच्या समुद्रप्रवासात गोड्या पाण्याची टंचाई असूनही त्याने ती सांभाळली. पाच रोपं जगून फ्रान्सला पोचली. ती सगळी निघाली मादी. फुलायची, पण फळ धरायची नाहीत. पुढे ब्रिटनी प्रांतात ती व्हर्जिनियाच्या जातीशेजारी लावली गेली, वाऱ्या-माश्यांनी पराग नेला आणि दोन खंडांतल्या दोन जातींचा संकर आपसूक झाला. 1766 साली दुशेन या विशीतही न पोचलेल्या तरुणाने हे कोडं उलगडून लिहिलं. स्ट्रॉबेरीत नर आणि मादी झाडं वेगळी असू शकतात हे त्याने दाखवलं. नव्या फळाला अननसासारखा वास येतो म्हणून शास्त्रीय नावात 'अननासा' हा शब्द बसला. आपल्या अननसाचाच तो सख्खा शब्द.

हा इतिहास मी नुसत्या गमतीसाठी सांगत नाही. या झाडाचे एक आजोळ चिलीचा गार समुद्रकिनारा आणि दुसरं अमेरिकेतली थंड राने. दोन्हीकडे मुळांना निचऱ्याची, किंचित आंबट माती मिळते. आपली काळी, चुनखडीची, पावसात चिखल आणि उन्हात भेगा पडणारी माती या घराण्याने पाहिलेलीच नाही. रोप रुसतं तेव्हा ते नाजूक आहे म्हणून रुसत नाही. त्याची ओळख वेगळ्या मातीशी आहे.

भारतात ते इंग्रजांबरोबर आलं आणि त्याला हवी तशी जागा सह्याद्रीत सापडली. 1829च्या सुमारास सर जॉन माल्कमने महाबळेश्वर थंड हवेचं ठाणं म्हणून वसवलं. तिथली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, पाणी लगेच निचरणारी, आणि पावसाळा संपताच हवा गार. आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा भाग महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येतो. तिथल्या फळाला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार हे गाव आज पुस्तकांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. 2017 साली तिथल्या घराघरांत पुस्तकं मांडली गेली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव होतं. पुस्तक आणि स्ट्रॉबेरी एकाच ओसरीवर भेटतात ही जागा मला फार आवडते.

मधल्या काळात फळच बदललं. कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रिंगहर्स्ट आणि व्होथ या जोडीने कित्येक वर्षं खपून नवी वाणं काढली. 1983 सालचं चँडलर त्यांचंच. महाबळेश्वरात ते अनेक वर्षं लावलं गेलं. युटाच्या डोंगरांतली रानटी रोपं वापरून त्यांनी दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसणारी वाणंही तयार केली, सेल्वा त्यांपैकी एक. फ्लोरिडातून स्वीट चार्ली आणि विंटर डॉन आली, आणि आपल्याला जवळची आहेत ती हीच, कारण फ्लोरिडाही गरम मुलूख आहे आणि तिथेही स्ट्रॉबेरी हिवाळ्यातच घेतात. महाबळेश्वरचे शेतकरी परदेशातून मातृरोपं आणतात, पावसाळ्यात वाईच्या बाजूला त्यांचे रनर, म्हणजे जमिनीवरून पसरणाऱ्या फांद्या, वाढवतात आणि पाऊस उघडला की लागवड करतात. आपल्याला मिळतात ती रोपं बहुधा याच साखळीतून येतात. म्हणून रोप मागताना नुसतं 'स्ट्रॉबेरी द्या' न म्हणता वाणाचं नाव विचारावं. पहिल्या वर्षी मी स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन घ्या म्हणेन. दोन्ही लवकर फळतात, आणि आपल्याकडे लवकर फळणं हीच मोठी गोष्ट आहे.

महाबळेश्वराबाहेरही हे फळ आता सरकू लागलं आहे. सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यात सापुताऱ्याच्या रस्त्याला ते टोपल्यांतून विकायला बसतात, मेळघाटात चिखलदऱ्याला त्याचे प्रयोग झाले, आणि आमच्याच जिल्ह्यात मुदखेड तालुक्यातल्या बारडच्या शेतातली स्ट्रॉबेरी पेपरात झळकली. पहिली दोन ठिकाणं डोंगरावरची आहेत, बारड मात्र सपाटीवरचं, केळीच्या मुलखातलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मला आपण एकटे नाही असं वाटलं.

घरी फळभाजी पिकवण्याच्या महाराष्ट्रात तीन-चार वाटा आहेत आणि नवशिक्या माणसाने त्या आधी समजून घ्याव्यात, कारण त्या एकमेकींच्या उलट सल्ले देतात. पहिली विद्यापीठांची. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून मराठवाड्याच्या मातीवर काम करतं. या वाटेवर माती-पाणी तपासणी, गादीवाफा, ठिबक, मोजून दिलेलं खत आलं. आपल्या तालुक्यात सगरोळीचं कृषी विज्ञान केंद्र हे तिचं जवळचं दार. दुसरी वाट श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची. पालापाचोळ्यातून, उन्हाचा हिशेब मांडून, घरच्या माणसाने स्वतःच प्रयोग करत शिकायचं. गच्चीवरच्या मातीची मराठी घरांना गोडी लागली ती बरीचशी या विचारातून. तिसरी नैसर्गिक शेतीची, शेण-गोमूत्राच्या जीवामृताची, जिचा प्रसार सुभाष पाळेकरांनी विदर्भातून देशभर केला. चौथी नवी, मातीविना शेतीची : पाइपांत छिद्रं, कोकोपीट, आणि पंपाने फिरणारं खताचं पाणी.

मी यातल्या कुणाचा झेंडा घेतलेला नाही, पण माझी मतं आहेत आणि ती लपवत नाही. पाइपांची मांडणी दिसायला सुंदर असते. पण आपल्याकडे वीज जाते, आणि जानेवारीतल्या दुपारीसुद्धा पंप चार तास बंद राहिला तर त्या मूठभर कोकोपीटमधली मुळं वाळतात. पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नये. जीवामृताने माती जिवंत होते हे मी पाहिलं आहे, पण ते मातीत द्यावं, फळ लागल्यावर पानावर उडवू नये. हे फळ जमिनीला टेकलेलं असतं आणि न सोलता खायचं असतं. महाबळेश्वरात वाफ्यावर अंथरतात तो काळा प्लास्टिकचा कागद आपल्याकडे फेब्रुवारीत तव्यासारखा तापतो. त्याऐवजी उसाचं पाचट किंवा सोयाबीनची गुळी घालावी. ते फुकट मिळतं, माती गार ठेवतं आणि फळाला ओल्या मातीचा स्पर्श होऊ देत नाही. दाभोलकरांकडून घ्यायचं ते वहीत लिहून ठेवण्याचं वळण. विद्यापीठाकडून घ्यायचा तो मातीचा सामू, म्हणजे ती किती आंबट किंवा अल्कधर्मी याचं माप.

सामू हा शब्द घाबरवणारा वाटतो, म्हणून तो घरच्या खुणेने सांगतो. बोअरच्या पाण्याची बादली महिनाभर वापरा आणि तिच्या आतल्या कडेला बोट फिरवा. पांढरा, खरखरीत थर हाताला लागेल. तोच थर रोज थोडा थोडा कुंडीत जमतो आणि मातीचा सामू वर नेतो. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामूची माती लागते, आपली काळी माती साडेसात-आठच्या पुढे असते. अशा मातीत लोह असूनही मुळाला ते घेता येत नाही. मग कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जणू कुणी हिरव्या पेनाने त्या गिरवल्या आहेत. हे चित्र पाहून लोक अजून शेणखत घालतात, अजून पाणी देतात, आणि रोप अजून पिवळं पडतं. त्याला हवं असतं लोह, मुळाला घेता येईल अशा रूपात, आणि कमी क्षाराचं पाणी. पावसाळ्यात पन्हाळीखाली भरून ठेवलेला एक ड्रम डझनभर रोपांच्या हंगामाला मोठा आधार देतो. माझं मिश्रण साधं आहे : एक भाग गाळलेली माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, आणि निचऱ्यासाठी दोन-तीन ओंजळी मांजरेची धुतलेली वाळू. मांजरेची वाळू ट्रक भरभरून दूरदूर जाते आणि नदीचं पात्र उघडं पडतं, ते पाहून जीव तुटतो. कुंडीला लागते ती ओंजळभर, आणि ती घराच्या बांधकामातून उरलेली चालते.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त रोपं तिच्यापायी जातात. रोप हातात घ्या. मुळांच्या झुबक्याच्या वर आणि पानांच्या देठांच्या खाली करंगळीएवढा जाड, तपकिरी, खवल्यांचा भाग दिसेल. हा गाभा. रोपाचा जीव त्यात आहे. नवं पान, नवं फूल सगळं त्याच्या टोकातून येतं. आपला हात मिरची-वांग्याला सरावलेला असतो, म्हणून रोप खोल लावून माती दाबायची सवय असते. इथे ती सवय घात करते. गाभा मातीत बुडाला की कुजतो. फार वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. त्याची अर्धी उंची मातीत आणि अर्धी बाहेर असावी. पाणी दिल्यावर माती बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघावं आणि बोटाने सारखं करावं. माझी पहिली बारा रोपं मी वांग्यासारखीच लावली होती.

फळाचंही असंच आहे. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलाचा फुगलेला पाट आहे. खरी फळं म्हणजे वरचे ते बारीक पिवळट दाणे. प्रत्येक दाण्याला पराग मिळाला तर त्याच्याभोवतीचा गर फुगतो. न मिळाला तर तेवढी जागा दबलेली राहते. म्हणून एखादं फळ नाक मुरडल्यासारखं वाकडं येतं. ते रोगट नसतं. त्या बाजूला माशी पोचलेली नसते. गच्चीवर माश्या कमी येत असतील तर सकाळी दहाच्या सुमारास मऊ कुंचला फुलाच्या मधल्या पिवळ्या भागावर गोल फिरवावा. लहान मुलांना हे काम द्यावं. ती ते मोठ्यांपेक्षा हळुवारपणे करतात, आणि महिन्याने सरळ आलेलं फळ पाहून त्यांना जे कळतं ते फळ्यावर कळत नाही.

हे सगळं आत्ताच का, असं कुणी विचारेल. फळ तर आता नांदेडच्या गाड्यावर मिळतंच की. मिळतं, पण ते पाचशे किलोमीटरहून लांबून आलेलं असतं, आणि वाटेत टिकावं म्हणून थोडं कच्चं तोडलेलं असतं. अर्धापूरची केळी हिरवी कापली तरी पिकतात. आंबा अढीत घातला की गोड होतो. स्ट्रॉबेरीला अढी नाही. तोडल्यावर तिचा रंग गडद होईल, पण गोडी जिथे होती तिथेच राहते. म्हणून बिलोलीतल्या कितीतरी मुलांना स्ट्रॉबेरी म्हणजे आंबट, पाणचट फळ आणि गोड चव म्हणजे आइस्क्रीमचा गुलाबी रंग, एवढंच ठाऊक आहे. देठापर्यंत लाल झालेलं, सकाळच्या गारव्यात तोडून तिथेच खाल्लेलं फळ वेगळं असतं. हे ज्याला घरी मिळालं त्याला पटवायला लागत नाही.

दुसरं कारण पाण्याचं. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते पाहिलेल्या माणसाला हौसेची झाडं लावताना अपराधी वाटतं, मलाही वाटतं. पण हे पीक हिवाळ्याचं आहे. एका कुंडीला दिवसाला अर्धा लिटर पुरतं, आणि सलाईनच्या जुन्या बाटलीची नळी लावून थेंब थेंब सोडलं तर त्याहूनही कमी. उन्हाळ्याची टंचाई सुरू व्हायच्या आत हंगाम संपलेला असतो. रब्बीचा हिशेब इथेही कामी येतो.

आणि तिसरं, फसवणुकीचं. निळ्या, काळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटं मोबाइलवर विकली जातात. माझ्या घरीही असं पाकीट आलं होतं. त्यातून उगवलं ते भलतंच गवत. निळी स्ट्रॉबेरी नसते. आणि बाजारच्या वाणांच्या खऱ्या बियांतूनही तेच वाण येत नाही, शिवाय ते रोप फळायला इतका वेळ घेतं की आपला हिवाळा निघून जातो. गरिबाघरचं मूल खाऊच्या पैशांतून असं पाकीट मागवतं आणि नंतर आपल्या हाताला गुण नाही असं समजून बागेपासून कायमचं दूर जातं, याचा मला राग येतो. ही फसवणूक टाळणं हा या पुस्तकाचा निम्मा हेतू आहे.

पीक हंगामाचं आहे, म्हणून हे पुस्तक विषयवार नाही. दसऱ्याच्या आठवड्यापासून होळीच्या आठवड्यापर्यंत ते आठवड्यामागून आठवडा चालतं, आणि त्या आठवड्यात कुंडीपाशी उभं राहिल्यावर जे दिसेल त्याबद्दलच बोलतं : बुलबुल कधी येतात, लाल कोळी पानाच्या खाली कसा ओळखावा, धुक्याच्या सकाळी फळावर राखाडी बुरशी का धरते. पॉलिहाउस, एकरी उत्पन्न, बाजारभाव यांना इथे जागा नाही. त्यासाठी जाणकार माणसं आणि चांगली पुस्तकं आहेत. माझ्यासमोर बारा कुंड्या, एक गच्ची किंवा दारापुढची हातभर जागा आणि कधीच काही न लावलेला माणूस आहे. मी लिहिलं ते बिलोलीच्या उन्हात पाहून लिहिलं. देगलूर, नायगाव, उदगीर, सीमेपलीकडे बोधनपर्यंत ते थोड्याफार फरकाने चालावं. त्यापुढे चालेलच असं मी म्हणणार नाही.

तो थोडाफार फरक तुम्हालाच शोधावा लागेल. पश्चिमेची भिंत असलेल्या गच्चीवर संध्याकाळी किती तापतं, विहिरीच्या पाण्याने बादलीला थर धरतो का, तुमच्या गल्लीत पहिली गार रात्र कधी येते, हे मला इथून सांगता येत नाही. प्रत्येक आठवड्याच्या पानाला उजवीकडे तीन बोटं रुंद जागा कोरी ठेवली आहे. भिंतीवरचा साधा थर्मामीटर बाजारात मिळतो. तो कुंडीच्या उंचीला, सावलीत टांगा, आणि पहाटे उठल्यावर जो आकडा दिसेल तो त्या जागेत पेन्सिलीने लिहा.